काळी गुरगुरली

आमची कुत्री काळी आज माझ्यावर गुरगुरली. दात दाखवून. पिल्लांना हातही लावला नव्हता, नुसता पाण्याचा गंज जवळ सरकवत होते. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

रात्रभर कोण बसलं होतं हिच्यापाशी? काल दुपारी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही, कोठ्यातलं कुटार उकरत राहिली, तेव्हाच मी समजले. थर्मामीटर लावलं तर ९८.६. एरवी १०१च्या आसपास असतं. ९९च्या खाली उतरलं की दिवसभरात कळा लागतात. बारदाना अंथरला, त्यावर माझी सुती साडी. साडीवरून आई काय बोलली ते जाऊ दे.

पहिली दोन तिची तिनंच मोकळी केली. पिशवी फोडली, नाळ तोडली, वार खाऊन टाकली. तिसऱ्याला जोराच्या कळा येऊनही काही दिसेना. अर्ध्या तासात नाहीच आलं तर डॉक्टरांना उठवायचं ठरवून मी घड्याळ बघत बसले. आलं ते मागच्या पायांनी. कुत्र्यांत असं पुष्कळदा होतं, हे माहीत असूनही हात थरथरत होते. पिल्लू पिशवीतच, आणि काळी मान टाकून पडलेली. लाईट गेलेली. मोबाइलच्या उजेडात मी नखानं पिशवी फाडली, नाकातोंडातलं पुसलं, डोकं खाली धरून टॉवेलनं पाठ चोळत राहिले. चोळतच राहिले. त्यानं आ केला, आवाज नाही. परत आ केला, तेव्हा चूं झालं. नाळ पोटापासून बोटभर सोडून पांढऱ्या दोऱ्यानं बांधली, कापली, आयोडीन लावलं. मग चौथं. पाचव्याचं लिहीत नाही.

आणि सकाळी मीच परकी? गड्याची बायको दूधपोळी घेऊन आली, तिला मात्र शेपटी हलवली. दादाचा फोन आला, "नर किती, मादी किती?" बस, एवढंच. माझं रात्रीचं जागरण कोणाच्या खिजगणतीत नाही, काळीच्याही नाही.

दुपारी शेजारच्या मोठ्या माय आल्या. मी सांगितलं तर म्हणाल्या, "अवं, बाळंतीण हाये ते. तिले काय मालकीण अन् काय बोका, सारे सारखेच. गुरगुरू दे."

खरं आहे त्यांचं. पिल्लांना दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगची ऊबही त्यांना स्वतःची धरता येत नाही. डोळे उघडायला दहा-चौदा दिवस. तोवर सगळं तिच्याच अंगावर. मागच्या वावरातून रात्री काय काय येतं, ते मला ठाऊक आहे. ती कोणालाही जवळ येऊ देत असती तर मलाच झोप लागली नसती. तरी मला का, हे अजून टोचतंच. टोचू दे.

गंज आता दारातच ठेवते. रोज वजन करायचं म्हणून किराणावाल्याकडून काटा मागून आणलाय, तो दोन दिवस तसाच राहील. चौघंही थानाला लागलेत, पोटं टम्म आहेत, एवढं दारातूनही दिसतं. पांढऱ्या दोऱ्याचं सगळ्यांत मागच्या थानाला आहे.