ऐंशीचा आकडा दहाच्या आत येईपर्यंत

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) मिटलं आणि मिटलेलंच राहिलं. लेदर अधूनमधून मिटतं, मेणासारखी कात टाकतं आणि चार-सहा दिवसांत पुन्हा फुलतं, म्हणून मी वाट पाहिली. पंधरा दिवस गेले. शेजारचे झोआंथस (हेही प्रवाळच) मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात घालून, पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर सांभाळत आणले होते, तेव्हा हिरव्या-केशरी रंगाचे होते. आता ते मातकट तपकिरी दिसायला लागले. काच पुसली की दोन दिवसांत हिरवी परत.

टाकी चार फुटी. खडक-वाळू वजा जाता, खालचा संप (फिल्टरची टाकी) धरून २०० लिटर पाणी. क्लाऊनफिशची जोडी, दोन कार्डिनल, एक फायरफिश आणि मऊ प्रवाळ. खडक बांधणारी कठीण प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोणी 'स्वस्तात देतो' म्हणालं तरी ती घ्यायची नाहीत, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं आहे. झोआंथस, मशरूम, लेदर या मऊ प्रवाळांतही आयुष्य जाईल इतकं पाहण्यासारखं आहे.

नायट्रेट मी तपासत होतो, आणि किट दरवेळी १० दाखवत होता. मग एकदा किटचा कागद नीट वाचला. दुसऱ्या बाटलीतली पूड तळाशी बसते, म्हणून ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. मी ती दोनदा हलवून पुढे जात होतो. नीट हलवल्यावर नळी लालभडक झाली. ८० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ८० मिलिग्रॅम. प्रवाळांच्या समुद्रात हा आकडा सहसा १ च्याही खाली असतो.

माशांचं खाणं आणि विष्ठा यांतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट साठत जातं. प्रवाळाच्या पेशींत जे सूक्ष्म शैवाल राहतं त्याला हे खतच. ते भरमसाट वाढतं आणि प्रवाळाचा स्वतःचा रंग त्या तपकिरीखाली झाकला जातो. झोआंथस मातकट का झाले ते कळलं.

उपाय सगळे सांगतात तोच, पाणी बदला. हिशेब सोपा होता. दर रविवारी ५० लिटर, म्हणजे चौथा हिस्सा. ८० चे ६०, मग ४५, मग ३४. महिनाभरात निम्म्याच्याही खाली यायला हवं होतं. चार रविवार बादल्या वाहिल्या, मीठ कालवलं, रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३५ जुळवली, रात्रभर पंप लावून पाणी फिरवलं. चार आठवड्यांनी आकडा ६० च्या आसपास. मग मी खाणं निम्मं केलं, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) चाळणीत धुऊन द्यायला लागलो, फिल्टरचा फ्लॉस (गाळायचा कापूस) तीन दिवसांनी बदलायला लागलो. मे महिना उजाडला तरी आकडा ५० च्या खाली जायला तयार नाही.

मेच्या शेवटी दादा आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग आहे. खरड छाटणीनंतरचे देठ परीक्षणाचे नमुने द्यायला तो शहरात आला होता. चहा घेताना मी टाकीचं रडगाणं गायलो. त्यानं दोनच प्रश्न विचारले.

"नायट्रेट म्हणजे नत्रच ना?"

"हो."

"मग ओततोस त्या पाण्याचा रिपोर्ट काढलास का?"

मी म्हटलं, "दादा, घरच्या आरओचं पाणी आहे, पिण्याचं."

"पिण्याचं असेल रे. आमच्याकडे काही विहिरींच्या पाण्यातच इतका नत्र येतो की ड्रिपमधून सोडायचा डोस त्या हिशेबानं कमी करावा लागतो. आधी पाणी बघ."

तो बसलेला असतानाच मी तीन नळ्या भरल्या. सोसायटीच्या टाकीचं पाणी ५० ते ६० च्या मध्ये. फिल्टरचं पाणी २०. मीठ कालवून रविवारसाठी तयार ठेवलेलं पाणीही २०. मी तीन महिने नायट्रेट काढून टाकत होतो आणि त्याच बादलीनं परत आत ओतत होतो. येणारं पाणीच २० चं असेल तर कितीही बदला, त्याच्या खाली आकडा जाणार नाही.

कारणं दोन होती. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी त्यात मिसळतात. आणि घरच्या आरओमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी चवीला लागावं म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. पिण्यासाठी ते सोयीचं, टाकीसाठी नाही. त्यात आमचा मेम्ब्रेन जुना झालेला.

इथे टाकी बाजूला ठेवून एक सांगतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको, असं भारतीय मानक आहे, आणि ही मर्यादा तान्ह्या बाळांसाठी फार महत्त्वाची आहे. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. आमच्या इमारतीत दोन तान्ही बाळं आहेत. त्याच संध्याकाळी मी नळ्या घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. पाणी प्रयोगशाळेत पाठवलं, अहवाल मर्यादेच्या वर आला, आणि बोअरची लाईन आता फक्त संडास-बागेकडे वळवली आहे.

टाकीसाठी मी वेगळा आरओ घेतला, तो व्हॉल्व्ह नसलेला, आणि त्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी लावली. टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय पाणी बादलीत घ्यायचं नाही. वाया जाणारं पाणी फरशीला आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याला जातं. कढीपत्ता असा कधी फुटला नव्हता. आता मात्र दर बदलाला आकडा हिशेबाप्रमाणे उतरायला लागला. जूनअखेर ३०.

इथेच सबुरी ठेवली असती तर पुढचे दोन महिने वाचले असते.

दादाला फोनवर मी व्हिनेगरची पद्धत समजावली होती. टाकीत व्हिनेगरमधून थोडा कर्ब (कार्बन) घातला की जिवाणू वाढतात, वाढताना पाण्यातला नत्र आणि स्फुरद (फॉस्फेट) ओढून घेतात, आणि स्किमर नावाचं यंत्र त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतं. दादा म्हणाला, "म्हणजे न कुजलेलं पाचट जमिनीत गाडल्यासारखं. जिवाणू नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. जपून." इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तरी मी त्यातला शेवटचा शब्द सोडून दिला.

साधं पांढरं व्हिनेगर, रोज सकाळी २ मिली, दर आठवड्याला १ मिली वाढ. तीन आठवडे काहीच फरक दिसेना. जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो, हे वाचलेलं होतं. तरी मी ४ वरून एकदम १२ वर गेलो, आणि त्याच आठवड्यात फॉस्फेटसाठी फेरिक ऑक्साईडचे दाणेही लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला तेव्हा पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि क्लाऊनफिश पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत होते. जिवाणूंनी रात्रीतून ऑक्सिजन संपवला होता. व्हिनेगर बंद केलं, दोन एअर स्टोन सोडले, वेव्हमेकर वर वळवून पाणी ढवळत ठेवलं, स्किमर पूर्ण उघडला. संध्याकाळपर्यंत मासे सावरले. एक कार्डिनल गेला.

पाणी दोन दिवसांत निवळलं. आठवड्याभरात नायट्रेट २ आणि फॉस्फेट शून्य. महिनोन्महिने जो आकडा हवा होता तो हातात होता, आणि टाकी त्याआधी कधी इतकी वाईट दिसली नव्हती. झोआंथस मिटलेले, मशरूम पांढुरके आणि आक्रसलेले. वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे, रात्री विरळ होणारा आणि दुपारी परत येणारा. बायको कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ती एका बाटलीत तो थर घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेला व्हिडिओ पाठवला. थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला दोरीनं बांधल्यासारख्या गोल फिरणाऱ्या. डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलं की बाकीचं शैवाल आणि जिवाणू मागे पडतात आणि मोकळ्या जागेवर हे पसरतात.

दादा म्हणाला, "१३-०-४५ ची गोण आहे, चिमूटभर देऊ का?" ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. काही शौकीन ते खरंच वापरतात, पण शेतीच्या खताची शुद्धता टाकीत घालण्याइतकी असेल असं मी गृहीत धरलं नाही. मी फेरिकचे दाणे काढले, पाणी बदलणं थांबवलं आणि माशांना दिवसातून दोनदा पोटभर खायला द्यायला लागलो. हे डायनो रात्री पाण्यात सुटतात, म्हणून यूव्ही दिवा लावला. तीन दिवस दिवे बंद करून टाकीला चादर गुंडाळली. त्या तीन दिवसांत मी चादर उचलून पाहिली नाही, हे मला फार जड गेलं.

सहा आठवडे लागले. थर आधी कोपऱ्यांतून गेला, मग वाळूवरून. नायट्रेट ५ झालं, फॉस्फेट ०.०४. मशरूमच्या कडा एका सकाळी पुन्हा निळ्या दिसल्या.

आता ऑक्टोबर आहे. संपमध्ये कीटोमॉर्फा या तंतुमय शैवालाचा गुंडा वाढतो, त्याचा दिवा रात्री जळतो आणि महिन्याला मूठभर कापून टाकतो. पंधरा दिवसांनी ३० लिटर पाणी बदलतो. व्हिनेगरची बाटली परत स्वयंपाकघरात गेली आहे. दर रविवारचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहितो. गेले सहा रविवार ७, ८, ८, १०, ८, ८. लेदर पूर्ण फुललं आहे, आणि केशरी झोआंथसच्या मुळाशी अकरा नवी तोंडं मोजली. फोटो दादाला पाठवले. त्याची फळछाटणी चालू होती, रात्री उशिरा उत्तर आलं. पुढच्या रविवारी किट घेऊन ये, विहिरीचं आणि नव्या बोअरचं, दोन्ही पाणी बघू.