मैदानासाठी लिहिलेल्या हरकती

शुक्रवार, रात्र

पेपरच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, एक जाहीर सूचना आली आहे. नागपुरातल्या आमच्या लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतली, बंद पडलेली मराठी प्राथमिक शाळा आणि तिला लागून असलेली मोकळी जागा वापरात नाही असं ठरवून, ती तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी संस्थेला द्यायची आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. खाली मौजा, खसरा क्रमांक, चतुःसीमा. बस.

जागा ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, घेणाऱ्या संस्थेचंही नाही. सुनावणी व्हायची आहे.

शाळा बंद झाली ती पट घसरला म्हणून. माझा मोठा मुलगा चौथीपर्यंत तिथेच शिकला. मग आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या, वर्ग ओस पडत गेले, उरलेल्या मुलांचं दुसऱ्या शाळेत समायोजन झालं आणि खोल्यांना कुलपं लागली. मैदानाला मात्र कधी कुलूप लागलं नाही. पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरंपोरी तिथे धावतात. तान्ह्या पोळ्याला लेआउटमधली सगळी लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन तिथेच जमतात. १४ एप्रिलचा मंडप तिथेच पडतो. उन्हाळ्यात बाया शाळेच्या ओट्यावर कुरडया वाळत घालतात. मतदानाला आम्ही सगळे त्याच इमारतीत रांग लावतो. एवढं सगळं जिथे चालतं, ती जागा कुणाच्याच कामाची नाही असं कागदावर कसं आलं, हे मला समजून घ्यायचं आहे.

शनिवार

वकील असलेल्या शेजारच्या वहिनींकडे दुपारभर बसले. बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. नागपूरला पूर्वी स्वतःचा वेगळा कायदा होता, १९४८ चा. मुंबई सोडून राज्यातल्या इतर शहरांना लागू असलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम २०१२ पासून आपल्यालाही लागू आहे. त्याचं कलम ७९ शहराची मालमत्ता विकणं, भाड्याने देणं यासंबंधी आहे. स्थावर मालमत्ता द्यायची तर मंजुरी लागते, आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

दुसरं, त्याहून महत्त्वाचं. विकास आराखड्यात एखादी जागा खेळाच्या मैदानासाठी राखलेली असेल, तर नुसता भाडेपट्टा करून तिचा उपयोग बदलत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली वेगळी सूचना काढावी लागते, लोकांना हरकतीसाठी एक महिना द्यावा लागतो आणि मग शासनाची मंजुरी. आपल्या सूचनेत कलम ३७ चा उल्लेख नाही.

मी विचारलं, आपण साधे रहिवासी, आपल्याला विचारतं कोण? त्यावर वहिनींनी बंगळूरचं एक प्रकरण सांगितलं. एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमसाठी दिली गेली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही, आणि त्या भागात राहणाऱ्या माणसांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. नर्सिंग होमही लोकांच्याच कामाचं, असा युक्तिवाद तिथे झाला होता. आपल्याकडेही हेच होणार आहे. घेणारी संस्था मुलांना कौशल्य शिकवणार आहे म्हणे. चांगलंच आहे. पण चांगल्या कामासाठी दुसऱ्याचं अंगण मागायचं तर आधी त्या घरात विचारावं लागतं.

रात्री झोप लागेना. उठून हरकतीचा पहिला मसुदा लिहिला आणि फाडला. सगळा नुसता संताप उतरला होता, आणि संतापाला आवक क्रमांक मिळाला तरी उत्तर मिळत नाही.

सोमवार

माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराला तीस दिवसांची मुदत, आणि हरकतीला पंधरा. म्हणजे माहिती हातात येईपर्यंत दार बंद झालेलं असणार. ही गोष्ट मला फार लागली. ज्याला हरकत घ्यायची त्याला आधी फाईल दिसली पाहिजे, एवढं तरी कुणीतरी ठरवायला हवं होतं.

पण एक वाट आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. ऑफिसातून अर्धी सुटी टाकून गेले. तिथल्या बाबूंनी फाईल काढून दिली, बसायला खुर्ची दिली, पाणीही विचारलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

फाईल पातळ आहे. वर संस्थेचा अर्ज. जागेसाठी आणखी कुणाकडून प्रस्ताव मागवल्याचा कागद नाही. त्याखाली आखीव पत्रिकेची, म्हणजे जागेच्या मालकीच्या उताऱ्याची प्रत, मूल्यांकनाचा एक तक्ता, आणि मग स्थळ पाहणी अहवाल, दीड पानाचा. त्याला चार फोटो जोडलेले. कुलूपबंद वर्ग, उखडलेला ओटा, फुटलेली टाकी, आणि चौथा मैदानाचा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापून आलेली आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारी दीड.

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. नवतपातली दुपार. त्या दिवसांत नागपुरात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. दीड वाजता कुत्रंसुद्धा गाडीखालची सावली सोडत नाही. मैदान पांढरंफटक, एकही माणूस नाही, आणि खाली टंकलेखन केलेलं वाक्य: “जागा वापरात नसल्याचे दिसून आले.” या एका वाक्यावर पुढचा सगळा प्रस्ताव उभा आहे. पाहणी करणारे खोटं बोललेले नाहीत. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण पहाटे कुणी आलं नाही, संध्याकाळी आलं नाही, आणि कडेच्या एकाही घराची कडी वाजवून विचारलं नाही.

विकास आराखड्यातला या भागाचा नकाशाही बघितला. शाळेची इमारत आणि मैदान दोन वेगळ्या रंगांत आहेत, दोन वेगळी आरक्षणं. प्रस्तावात दोन्ही एकच जागा म्हणून धरलेली. हे टिपून घेताना माझा हात थरथरत होता.

बुधवार

आज शाळेच्या जुन्या चपराशीकाकांना भेटले. निवृत्त झाले, पण राहतात मागच्याच गल्लीत. त्यांच्याशी मला २०२३ च्या सप्टेंबरमधल्या त्या रात्रीबद्दल बोलायचं होतं.

नागपुरात कुणीच ती रात्र विसरलेलं नाही. २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. आमची गल्ली थोडी उंचावर म्हणून वाचली, पण खालच्या दोन गल्ल्यांत पहाटे छातीएवढं पाणी होतं. वीज गेलेली. बाया लेकरांना खांद्यावर घेऊन निघाल्या त्या थेट शाळेकडे, कारण आजूबाजूला माडी असलेली सार्वजनिक इमारत ती एकच. वर्ग उघडे होते. पंधरा-वीस कुटुंबं दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर होती. आम्ही घराघरांतून पोहे, चहा, कोरडे कपडे पोहोचवले. त्या गडबडीत कुलपं कुणी उघडली हे कुणी विचारलं नाही.

आज विचारलं. काका शांतपणे म्हणाले, “बाई, किल्ली माह्यापाशीच होती. शाळा बंद झाली, तं कोनी वापस मांगितलीच नाही. पानी येऊन राहिलं दिसलं, म्या जाऊन उघडून देल्ली.”

हरकतीतला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. बंद म्हणून नोंदलेल्या इमारतीने त्या रात्री लोकांना आसरा दिला. पण लिहायचं तर किल्लीचं येणार, आणि किल्लीचं आलं की काकांवर येणार. मी त्यांना तसं सांगितलं, तुमचं नाव काढून ठेवते म्हटलं. ते उठून आत गेले. चष्मा आणि वहीचं पान घेऊन आले आणि स्वतःची हरकत स्वतः लिहायला बसले. निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं सुटं. खाली सही, आणि सहीखाली ‘निवृत्त परिचर’. किल्ली कागदात गुंडाळून त्याच पानासोबत द्यायची, असं त्यांनीच ठरवलं. मी नको म्हणत होते. “निवृत्त माणसाले कोन काय करते, बाई,” म्हणाले.

रविवार

सकाळपासून कडुलिंबाखाली टेबल टाकून बसलो. छापील एकसारखा मजकूर नको, ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं, असं वहिनींचं म्हणणं होतं. त्याला वेळ लागला, पण बरं झालं. कोण कशासाठी इथे येतं हे मलाही एवढं ठाऊक नव्हतं.

भरतीची एक मुलगी धावून झाल्यावर घाम पुसत आली. मैदानाच्या कडेने तिने दोरीने अंतर मोजून चुन्याची रेघ मारली आहे. मुलींना शारीरिक चाचणीत ८०० मीटर धावायचं असतं, मुलांना १६००. तिने उभ्या उभ्या लिहिलं: “इथे पाच फेऱ्या मारल्या की ८०० मीटर होतात. सकाळी रस्त्यावर धावायला घरचे सोडत नाहीत. मैदान देऊ नये.” एवढंच. कायद्याची कलमं घालून मी तीन पानं लिहिली आहेत, आणि तिच्या या तीन ओळी त्याहून जड आहेत.

एका आजींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, नातीने लिहिलं, आजींनी अंगठा दिला.

सगळेच आमच्या बाजूने आहेत असं नाही. कोपऱ्यावरचे काका, ज्यांच्या शब्दाला लेआउटमध्ये मान आहे, ते टेबलाशी आले आणि सरळ म्हणाले, “पोरंच नाही तं शाळा कोनासाठी ठेवता? रात्री तिथं दारू पिऊन राहिले लोक. कोणी चांगली संस्था येऊन राहिली, पैसा भरून राहिली, इमारत दुरुस्त करून राहिली, तं तुम्ही आडवे.” त्यांचं म्हणणं सगळं चूक नाही. वर्ग असेच कुजत पडावेत असं मलाही वाटत नाही. रात्री तिकडून जाताना मीही पावलं उचलते. पण त्यासाठी दिवे लावा, चौकीदार ठेवा, वर्गात अभ्यासिका काढा, आणि संस्थेला द्यायचेच तर वर्ग द्या, थोड्या वर्षांसाठी, उघड्या निविदेने. मैदान कशाला? तीस वर्षं म्हणजे आज पहिलीत असलेलं लेकरू पस्तिशी ओलांडणार. त्या करारावर सही करणारा एकही माणूस तेव्हा खुर्चीत नसेल, आणि एकदा बांधकाम उभं राहिलं की ती जमीन परत मोकळी झाल्याचं मी तरी या शहरात पाहिलेलं नाही.

काकांनी सही केली नाही. जाताना एवढं म्हणाले की सुनावणीत दिव्यांचा मुद्दा मांडाल तर मी येतो. मांडणार आहोत.

कुणीतरी अजनीची आठवण काढली. २०२१ मध्ये तिथल्या रेल्वेच्या जमिनीवर मोठं स्थानक उभारायचं म्हणून झाडं तोडायचं ठरलं, तेव्हा याच शहरातल्या माणसांनी लेखी हरकती दिल्या, झाडांखाली बसून राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेलं. तेव्हा मी बातम्या वाचत होते. आता कळतं की त्या प्रत्येक हरकतीमागे कुणीतरी असंच टेबल टाकून बसलेलं असणार.

मुदतीचा शेवटचा दिवस

सगळ्या हरकती एका फाईलमध्ये लावून आवक-जावक कक्षात दिल्या. प्रत्येकीची दुय्यम प्रत, प्रत्येकीवर वेगळा शिक्का घेतला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सगळ्यांची मिळून एकच पोच देते. मी म्हटलं, नाही, प्रत्येकाने वेगळं लिहिलंय, प्रत्येकाला पोच पाहिजे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का पुढे ओढला. चपराशीकाकांची किल्लीही नोंदवून घेतली, पोचेवर “सोबत किल्ली एक” असं लिहून दिलं.

माझ्या हरकतीत मागण्या थोड्याच आहेत. मैदान या प्रस्तावातून वगळा, कारण त्याचं आरक्षण वेगळं आहे. पाहणी पुन्हा करा, पहाटे आणि संध्याकाळी, आणि रहिवाशांना सोबत घ्या. वर्गांचा उपयोग काय व्हावा यावर लेआउटमध्ये येऊन बोला. भाडं बाजारभावाने ठरलं आहे का, ते कसं काढलं, तो तक्ता उघड करा. पावसाळ्यात इमारतीची एक किल्ली वस्तीत राहील अशी सोय लेखी करा.

सुनावणी गुरुवारी सकाळी अकराला आहे. भरतीच्या मुलीचा त्या दिवशी सराव नाही, ती येते म्हणाली. वहिनी कोर्टातून परस्पर पोहोचतील. लेआउटमधल्या ज्यांनी पोच घेतली आहे त्यांनी ती सोबत आणावी, आणि येणाऱ्यांनी दहाला कडुलिंबापाशी जमावं. ऑटोचे पैसे वाटून घेऊ.