तुम्ही विचारलंत म्हणून: गर्भपात भारतात जास्त की अमेरिकेत?

गर्भपातांच्या आकड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला एका ओळीत उत्तर हवं असतं आणि तसं ते देताही येतं. पंचाईत अशी की एका ओळीची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिलं उत्तर: सरकारी नोंदींप्रमाणे २०१४-१५ साली भारतात सुमारे ७ लाख गर्भपात झाले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया तेव्हा देशात साधारण ३३ कोटी होत्या, म्हणजे हजारी २ गर्भपात. अमेरिकेत २०२० साली दर (तिथे वयोगट १५ ते ४४) हजारी १४.४ होता. थोडक्यात, भारतात अमेरिकेच्या एक सप्तमांश.

दुसरं उत्तर: आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांबरोबर केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, हजारी ४७. म्हणजे अमेरिकेच्या तिपटीहून जास्त.

दोन्ही आकडे खरोखर छापून आलेले आहेत. कुणी बनवलेले नाहीत. फरक आहे तो आकडा कुठल्या वाटेने आला यात. दोन देशांची तुलना करायची तर आधी ही वाट तपासावी लागते, आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही.

सरकारी आकड्याची वाट अशी. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली मान्यता असलेल्या केंद्राने दर महिन्याला फॉर्म २ भरून आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मुंबईत ही मान्यता आणि हे कागद महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या हाताखालून जातात. मान्यता नसलेल्या दवाखान्यातला गर्भपात या कागदावर येत नाही. मान्यता असून फॉर्म न पाठवणाऱ्याचाही येत नाही. आणि केमिस्टकडून गोळ्या आणून घरी घेतल्या तर प्रश्नच मिटला. २०१५च्या अभ्यासात ८१ टक्के गर्भपात गोळ्यांनी झालेले निघाले, आणि एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के असे, की गोळ्या घेतल्या पण कुठल्याही दवाखान्याची पायरी चढली गेली नाही. सरकारी आकड्यावरून देशाचा अंदाज बांधणं म्हणजे दादर स्टेशनच्या एका तिकीटखिडकीचा हिशोब पाहून लोकलमध्ये किती माणसं चढली ते सांगणं.

पण सगळा दोष घरी घेतलेल्या गोळ्यांवर ढकलू नका. त्याच अभ्यासात दवाखान्यांत आणि इस्पितळांत झालेले गर्भपात ३४ लाख निघाले. नोंद ७ लाखांची. म्हणजे डॉक्टरच्या हातून झालेल्या दर पाचांपैकी साधारण चार कागदावर आलेच नाहीत. त्याची कारणं मुंबईतल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला ठाऊक आहेत: मान्यतेचे सोपस्कार, गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली तपासणी मागे लागेल ही धास्ती, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवण्याची, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याची सक्ती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशा वेळी मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. धास्ती एका निकालाने जात नाही.

मग थेट बायकांनाच विचारावं? तेही करून झालं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, आधीच्या पाच वर्षांतल्या गर्भधारणांपैकी जेमतेम ३ टक्के गर्भपातात संपल्या असं उत्तर आलं. २०१५च्या अभ्यासात हेच प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होतं: ४ कोटी ८१ लाख गर्भधारणांमागे १ कोटी ५६ लाख. गंमत म्हणजे ही पाहणी करणारी मुख्य संस्थाही देवनारचीच. ३ टक्के आणि ३२ टक्के यांच्यामधलं अंतर हे मुख्यतः न सांगण्याचं अंतर आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, सासू दारात आणि पोरं पायात असताना अनोळखी बाईने विचारलं तर उत्तर ‘आपोआप पडलं’ असं येतं, किंवा ती गर्भधारणा सांगितलीच जात नाही. मुलाखतींवरून काढलेला कुठल्याही देशाचा दर दुसऱ्या देशाच्या इस्पितळी नोंदींशेजारी ठेवू नये, हा नियम मी बिनदिक्कत सांगेन.

१ कोटी ५६ लाख मोजले कसे, हा पुढचा रास्त प्रश्न. मुख्य आधार गोळ्यांच्या घाऊक विक्रीचा. या गोळ्यांपैकी मिफेप्रिस्टोन गर्भपाताखेरीज फारशी कशाला वापरली जात नाही, म्हणून तिचं एक पाकीट म्हणजे एक गर्भपात असं सुरुवातीला धरता येतं. तिच्या जोडीला घ्यायच्या मिसोप्रोस्टोलचं तसं धरता येत नाही, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही ती लागते. मग पाकिटांतून वजाबाक्या करायच्या: मुदत संपून वाया गेलेली, दुकानात पडून राहिलेली, आणि गोळ्या घेऊन काम अर्धवट झाल्यामुळे पुढे इस्पितळात गेलेल्या बायकांची, नाहीतर त्या दोनदा मोजल्या जातात. त्यात इस्पितळांच्या पाहणीचे आणि स्वयंसेवी संस्थांच्या दवाखान्यांचे आकडे मिळवायचे. प्रत्येक पायरीवर थोडा अंदाज आहे. म्हणून अशा आकड्याला नेहमी खालची आणि वरची मर्यादा असते, आणि बातमी लिहिणारा ती नेहमी गाळतो.

जिथे गर्भपाताला बंदी आहे तिथे विक्रीचे आकडे मिळत नाहीत, म्हणून दुसरी पद्धत वापरतात. गुंतागुंत होऊन इस्पितळात आलेल्या बायका मोजायच्या, त्यातून आपोआप गर्भ पडलेल्यांचा अंदाजी वाटा वजा करायचा आणि उरलेल्या संख्येला एका गुणकाने गुणायचं. इस्पितळात आलेल्या एका बाईमागे एकूण गर्भपात किती, हे तो गुणक सांगतो आणि तो ठरतो जाणकारांना विचारून. गुणक ४ ऐवजी ५ धरला की देशाचा आकडा २५ टक्क्यांनी वाढतो, प्रत्यक्षात एकही गर्भपात न वाढता. शिवाय काडी घालण्यासारखे जुने उपाय मागे पडून गोळ्या आल्या की गुंतागुंत कमी होते. तेव्हा गुणक वाढवावा लागतो. तो जुनाच ठेवला तर गर्भपात कमी झाल्याचा भास होतो.

आता अमेरिका. तिथली नोंद पक्की असेल असं आपण गृहीत धरतो. तिथेही दोन आकडे आहेत. २०२० साठी सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ६,२०,३२७ गर्भपात सांगितले. गुटमाकर संस्थेने त्याच वर्षासाठी ९,३०,१६०. सीडीसीला आकडे देणं राज्यांच्या मर्जीवर आहे, आणि कॅलिफोर्निया, मेरीलँड व न्यू हॅम्पशायर ते देत नाहीत. गुटमाकर थेट दवाखान्यांकडे चौकशी करते. वरचा १४.४चा दर तिचा आहे, सीडीसीचा दर ११.२. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक गर्भपाताचा अर्ज डॉक्टरने १४ दिवसांत मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो आकडा विश्वासाने घ्यावा. मात्र त्याला ‘ब्रिटनचा आकडा’ म्हणू नये, कारण स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड त्यात नाहीत.

वाट कळली की विचारायचं: मोजलं काय? रशियाच्या सरकारी बेरजेत आपोआप झालेले गर्भपातही धरलेले असतात. ते वजा न करता रशियाची तुलना कुणाशीही केली तरी ती चुकते. बांगलादेशात १९७९पासून पाळी नियमित करण्याची सरकारी सेवा आहे. पाळी चुकलेल्या बाईची, दिवस गेलेत का याची तपासणी न करता पिशवी रिकामी केली जाते, आणि कायद्याच्या भाषेत तो गर्भपात नव्हे. २०१४ साली अशा सुमारे ४,३०,००० सेवा दिल्या गेल्या आणि त्यांच्याबाहेर जवळपास १२ लाख गर्भपात झाले असा अंदाज आहे. यातला एक आकडा घ्यायचा की बेरीज, ते आधी ठरवा, आणि काय ठरवलं ते लिहून ठेवा. फ्रान्स स्वेच्छेचा गर्भपात आणि वैद्यकीय कारणाचा गर्भपात वेगवेगळे छापतो; इंग्लंड एकत्र.

आठवड्यांचीही अशीच गफलत होते. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. जर्मनीची १२ आठवड्यांची मुदत गर्भधारणेपासून आहे, म्हणजे आपल्या हिशोबात १४. फ्रान्सची २०२२पासूनची १४ आठवड्यांची मुदत आपल्या हिशोबात १६. उशिराच्या गर्भपातांचं प्रमाण ताडून पाहताना हे दोन आठवडे सगळं चित्र फिरवतात.

बाई राहते कुठे आणि गर्भपात झाला कुठे, याचं सर्वांत लख्ख उदाहरण आयर्लंडचं. तिथे बंदी होती तेव्हा बायका समुद्र ओलांडून इंग्लंडला जात. २००१ साली इंग्लंड-वेल्समध्ये आयरिश पत्ता दिलेल्या ६,६७३ बायकांची नोंद आहे. १ जानेवारी २०१९पासून नवा कायदा लागू झाला आणि त्या वर्षी आयर्लंडमध्ये ६,६६६ गर्भपातांची नोंद झाली. फक्त आयरिश तक्ता पाहणारा म्हणेल, जवळपास काहीच नव्हतं तिथून साडेसहा हजार! पोलंडचं उलट. २०२० साली सरकारी आकडा १,०७६, गर्भातल्या व्यंगासाठीचा गर्भपात बेकायदा ठरवणाऱ्या न्यायालयाच्या निकालानंतर २०२१ साली १०७. पोलिश बायकांनी दहापैकी नऊ गर्भपात करायचे सोडून दिले असं कुणी म्हणेल तर त्याने टपालाने येणाऱ्या गोळ्या आणि शेजारच्या देशांतले दवाखानेही पाहावेत. मुंबईच्या आकड्यालाही हेच लागू आहे. ठाणे, पालघर, रायगडहून बायका इथे येतात, आणि त्यांच्या गर्भपाताची नोंद शहरात होते. त्यामुळे मुंबईची एकूण बेरीज मुंबईच्या बायकांच्या संख्येने भागू नये.

राहिला छेद, म्हणजे भागायचं कशाने. ‘दर’ म्हणजे हजार स्त्रियांमागे गर्भपात. ‘गुणोत्तर’ म्हणजे शंभर जिवंत जन्मांमागे गर्भपात. बातम्यांत दोन्हींना टक्केवारी म्हणून टाकतात. गुणोत्तरात जन्म कमी झाले तरी आकडा वाढतो. रोमानियात बंदी उठल्यावर १९९० साली सुमारे ९,९२,००० गर्भपात आणि ३,१४,७४६ जन्म झाले, म्हणजे शंभर जन्मांमागे ३१५. दर काढायचा तर वयोगट पाहा: १५-४४ की १५-४९? पंचेचाळिशीनंतर गर्भपात अगदी थोडे, पण भागताना त्या स्त्रिया धरल्या जातात. पाच-पाच वर्षांचे सहा गट होते ते सात झाले, तर दर ढोबळमानाने सहा सप्तमांश होतो.

हे वापरून एक तुलना करून पाहू, जिथे दोन्हीकडची नोंद भरवशाची आहे. २०२२ साली इंग्लंड-वेल्समध्ये तिथल्याच रहिवाशांचे २,५१,३७७ गर्भपात, दर १५-४४ वयोगटात हजारी सुमारे २१. फ्रान्समध्ये २,३४,३००, दर १५-४९ वयोगटात १६.२. फरक पाचाचा दिसतो. २१ला ६ने गुणून ७ने भागा: १८. फरक दोनाच्या आत आला. इंग्लंडच्या आकड्यातून गर्भातल्या गंभीर व्यंगामुळे केलेले तीन हजारांच्या आसपास काढले तर तो आणखी किंचित घटतो. आता गुणोत्तर काढा. इंग्लंड-वेल्समध्ये त्या वर्षी ६,०५,४७९ जन्म, फ्रान्समध्ये सुमारे ७,२६,०००. शंभर जन्मांमागे ४१.५ आणि ३२. इथे फरक पुन्हा मोठा झाला, कारण फ्रान्समध्ये मुलं जास्त जन्मतात. गर्भपात किती होतात हे विचारलं असेल तर दर सांगा. दिवस गेल्यावर बाई काय ठरवते हे विचारलं असेल तर गुणोत्तर त्याच्या जरा जवळ जातं, तरी मधले आपोआप पडलेले गर्भ त्यातून सुटतात.

भारत-अमेरिकेची अशी तुलना होऊ शकत नाही. भारताचा अंदाज विक्री आणि पाहणीवरून, वर्ष २०१५. अमेरिकेचा दवाखान्यांच्या मोजणीवरून, वर्ष २०२०. भारताचा दर खासा जास्त आहे एवढं म्हणता येतं, कारण वयोगटाचा फरक किंवा अंदाजातली चूक तिपटीचं अंतर पुसू शकत नाही. ‘३.३ पट’ असं दशांशात सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

याच्या पाठोपाठ महाराष्ट्राचं विचारतात, कारण सरकारी तक्त्यांत महाराष्ट्र वरच्या ओळींत असतो. २०१५च्या अभ्यासातली इस्पितळांची पाहणी आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांत झाली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सहांपैकी एकट्या उत्तर प्रदेशाचा अंदाज ३१ लाखांवर गेला, म्हणजे अख्ख्या देशाच्या सरकारी आकड्याच्या चौपट. महाराष्ट्र तक्त्यात वर दिसतो तो निदान काही अंशी तरी इथे मान्यताप्राप्त केंद्रं जास्त आहेत आणि त्यातली बरीच महिन्याच्या महिन्याला फॉर्म २ पाठवतात म्हणून.