बोट उचलण्याची कला

ऑर्गनला दम लागत नाही. ही त्याची थोरवी, आणि चर्चच्या उपासनेतल्या गीतांना साथ करताना हीच त्याची मोठी अडचण. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि स्वर उमटल्या क्षणापासूनच विरू लागतो. ऑर्गनच्या नळीत हवा शिरली की बोट उचलेपर्यंत स्वर तेवढ्याच भरीवपणे वाजत राहतो. पट्टीवर जोर दिला म्हणून तो वाढत नाही. एखाद्या अक्षरावर वजन द्यायचे असेल, तर त्याच्या आधी किंचित शांतता ठेवणे हाच बोटांच्या हातातला उपाय. त्यामुळे मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, गायला लावणाऱ्या वादकाचे निम्मे कौशल्य पट्टी कधी दाबावी यापेक्षा ती कधी सोडावी यात असते, असे माझे मत होत चालले आहे.

‘ओल्ड हंड्रेथ’ या नावाने ओळखली जाणारी चाल घ्या. १५५१ साली जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहात आलेली ही चाल आजही गायली जाते. सरगमीत तिची पहिली ओळ सा सा नी ध प सा रे ग अशी उतरते (मधले नी, ध, प मंद्र सप्तकातले) आणि दुसरी ग ग ग रे सा म ग रे अशी. म्हणजे एका ओळीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ मिळून चार गंधार सलग येतात. बोटे पट्ट्यांना चिकटवून वाजवले तर एकच लांबलचक गंधार ऐकू येईल आणि कोणते अक्षर चालू आहे याचा मंडळीला पत्ता लागणार नाही. म्हणून पहिल्या गंधारानंतर श्वासापुरती मोकळी जागा ठेवायची आणि पुढच्या गंधारांमध्ये केवळ निसटती फट. मात्र प्रत्येक वेळी चारही आवाज (वरची चाल, तिच्याखालचे आल्टो आणि टेनर, आणि तळाचा खर्ज) एकदम तोडले, तर गीत टाइपरायटरसारखे खडखडू लागते. अशा ठिकाणी आल्टो आणि टेनरचा स्वर बदलत नसेल तर तो धरून ठेवायचा आणि वरची चाल तेवढी पुन्हा उच्चारायची, ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे. चालीतले अक्षर स्पष्ट होते आणि खालचा नाद तुटत नाही.

श्वासाची जागा स्वरलिपीत क्वचितच लिहिलेली असते; ती शब्दांत असते. चाल प्रत्येक कडव्याला तीच, पण विरामचिन्हे तीच नसतात. पहिल्या कडव्यात ओळीच्या शेवटी पूर्णविराम असतो, तर तिसऱ्यात वाक्य ओळ ओलांडून पुढे जाते, आणि तिथे सवयीने हात उचलणारा वादक अर्थाचे दोन तुकडे करून टाकतो. त्यामुळे डोळा शब्दांवर ठेवून मनातल्या मनात गात वाजवणारा वादक मला अधिक भरवशाचा वाटतो. मोठ्या इमारतीत तर हे मनातले गाणेच त्याला सावरते. चौतीस मीटर दूर बसलेल्यांपर्यंत स्वर पोहोचायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो आणि त्यांचे गाणे परत यायला तेवढाच. मंडळी मागे पडली असे समजून वादक थबकला की तीही थबकते, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत पेंगू लागते. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा स्वर थोडे आखूड वाजवणे अधिक उपयोगी पडते.

गीताआधी वाजवायच्या ओळीलाही हेच लागू आहे. ती ज्या लयीत वाजेल त्याच लयीत लोक गाणार. तिच्या शेवटी भावुक होऊन लय सैल करणाऱ्याने पुढे रेंगाळणाऱ्या मंडळीला दोष देऊ नये.

स्टॉप, म्हणजे वाजवायच्या नळ्यांचे संच, निवडतानाही मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट आवाज कामाला येतो. आठ फुटी स्टॉपमध्ये सर्वांत खालच्या षड्जाची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असते; चार फुटी स्टॉप त्याच्या वरच्या सप्तकात बोलतो आणि दोन फुटी आणखी वर. नुसते आठ फुटी स्टॉप वाढवत नेले तर आवाज जाड होतो आणि शेकडो कंठांत बुडतो. वर चार आणि दोन फुटींची धार दिली की चाल गर्दीतूनही ऐकू येते. एखाद्या कडव्यात पायांनी वाजणारा सोळा फुटी खर्ज गाळून पुढच्या कडव्यात तो परत आणला, तर गाणाऱ्यांच्या पायाखाली जमीन आल्यासारखी होते. याउलट शब्दांत वादळ आले की गडगडाट आणि पहाट आली की बासरी, असा प्रत्येक ओळीचा अभिनय मला पोरकट वाटतो.

वैविध्याला याहून चांगल्या वाटा आहेत. उजव्या हाताने चाल एका निराळ्या, ठसठशीत स्टॉपवर घ्यावी, मधले दोन आवाज डाव्या हाताला द्यावेत आणि खर्ज पायांना. किंवा चाल टेनरमध्ये उतरवून तिच्यावर वेगळी स्वरावली फिरवावी. मंडळी चार आवाजांत सफाईने गाणारी असेल, तर एक कडवे साथीशिवायही सोडावे. शेवटच्या कडव्याची स्वरसंगती बदलण्याची प्रथा लोकप्रिय आहे, पण तिला एक अट आहे: सर्वांनी एकाच आवाजात चाल गायची. नेहमीचा आल्टो गाणाऱ्यांना न सांगता खालचे स्वर बदलणे म्हणजे पायरीवर पाय ठेवताना पायरी काढून घेणे. आणि बदल किती करावा? चाल हरवेल इतका नव्हे, एवढे म्हणता येते. त्यापुढचे ज्याच्या त्याच्या तारतम्यावर.

तारतम्याचा हा वाद जुना आहे. फेब्रुवारी १७०६ मध्ये जर्मनीतल्या आर्नश्टाट इथल्या चर्चच्या कारभाऱ्यांनी आपल्या वीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला बोलावून जाब विचारला, की तो गीतांमध्ये चमत्कारिक फिरती घालतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे मंडळी गोंधळून जाते. तो वादक म्हणजे पुढे थोर संगीतकार म्हणून गाजलेला योहान सेबास्टियन बाख होता. त्याच नोंदीत आणखी एक तक्रार आहे: पूर्वी तो फार लांबवून वाजवत असे, आणि त्याबद्दल समज दिल्यावर त्याने लगेच फारच आखूड वाजवायला सुरुवात केली.