तुम्ही विचारलंत म्हणून: रंगाला ऐंशी हजार कसे काय लागले?

पहिल्यांदा नणंदेने विचारलं, मग बी विंगमधल्या काकूंनी, मग ऑफिसात, आणि परवा तर एका लग्नात पानावर बसल्या बसल्या मावसदिरांनी. "वहिनी, वन बीएचकेच्या रंगाला ऐंशी हजार?" आणि प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्याकडे तीस-पस्तीसात झालं की." मी दरवेळी काहीतरी बोलून विषय बदलते आणि मग घरी येऊन भांडी घासताना मनातल्या मनात उत्तरं देत बसते. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे माझंही डोकं रिकामं होईल.

आधी हिशोब, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलुंड पूर्वेला आमचं घर, तिसरा मजला, 410 स्क्वेअर फूट कारपेट. जानेवारी 2025 मध्ये रंग काढला. लोक 410 हा आकडा धरतात आणि तिथेच चुकतात, रंग काही लादीला काढत नाहीत. आमची बेडरूम 10 बाय 11. चारी भिंती मिळून 42 फूट, उंची साडेनऊ, म्हणजे 399. वर छत 110. एकूण 509 स्क्वेअर फूट, आणि लादी फक्त 110. असं सगळं घर टेप लावून मोजलं, खिडक्या-दारं आणि स्वयंपाकघरातल्या टाइल्स वजा केल्या, तेव्हा 1460 भरलं. मालासकट 38 रुपये दर, 55,480 झाले. दारं आणि ग्रिलचा ऑइलपेंट 9,500. पश्चिमेच्या भिंतीचं ओलीचं काम 11,000. सामान झाकायचं प्लास्टिक, डेब्रीजच्या गोण्या खाली नेणं, शेवटची साफसफाई 3,500. बेरीज 79,480, मी 79,500 दिले. भावाने कंपनीच्या सर्व्हिसचं कोटेशनसुद्धा आणून दिलं होतं, ते याहून वर जात होतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

तीस-पस्तीसात होतं, मी नाही म्हणत नाही. जुन्याच रंगावर पॉलिश पेपर फिरवायचा, खड्डे दिसतील तिथे पुट्टीचा हात मारायचा आणि डिस्टेंपरचे दोन कोट. चांगल्या कोरड्या भिंतीला एवढं पुरतंही. आमच्या भिंती तशा नव्हत्या, एवढंच. पोपडे धरलेला जुना थर पार प्लास्टरपर्यंत खरवडायचा, मग प्रायमर, पुट्टीचे दोन हात, प्रत्येक हात सुकू द्यायचा, घासायचा, परत प्रायमर, आणि मग रंग. रंगाचा डबा उघडला तो सातव्या दिवशी. त्याआधीचे सहा दिवस घरात फक्त धूळ होती, आणि ऐंशीतला मोठा हिस्सा त्या धुळीचा आहे. दारांवरचा ऑइलपेंट बिल्डिंग झाली तेव्हापासूनचा, थरावर थर. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, वर चालणार नाही हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ते असू शकतं, आणि भाचीचं बाळ आमच्या घरी रांगतं, दाराला तोंड लावतं. म्हणून मी म्हटलं कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. त्यात दीड दिवस वाढला. त्याचेही पैसे लागले, आणि ते मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

पण हे सगळं सांगूनही लोकांचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर होणारही नाही, कारण मी ऐंशी हजार का दिले याचं खरं उत्तर या हिशोबात नाहीये. ते 2018 मध्ये आहे.

त्या वर्षी सासरचा गणपती पहिल्यांदा आमच्याकडे यायचा होता. गावाला करणारं कोणी उरलं नाही, सासूबाईंनी मूर्ती मुंबईत आणायची ठरवली आणि मी म्हटलं घराला रंग काढूनच बाप्पा येतील. तारीख 13 सप्टेंबर, मला हे सुचलं जुलैच्या शेवटी, भर पावसात. बिल्डिंगमध्ये काम करत असलेला एक पेंटर वॉचमनने आणून दिला, बिहारचा, पन्नाशीचा असेल, हळू बोलणारा. त्याने हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, मग नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये दीवार गीली है, दिवाली के बाद करो." मी म्हटलं दिवाळीनंतर मला काय उपयोग. त्याने 34,000 सांगितले. मी 26,000 वर आणले. तो म्हणाला एवढ्यात पुट्टीचा एकच हात बसेल, मी म्हटलं बसू दे. हे सगळं मला शब्दन् शब्द आठवतं, म्हणून मला कोणी माहीत नव्हतं असं म्हणू नये, मला सांगितलं होतं.

नऊ दिवसांत त्याने घर उभं केलं. फिका पिवळा रंग, हॉल असा उजळला की सासूबाई दारातच थांबल्या. मखर मी त्याच पश्चिमेच्या भिंतीला लावलं. 19,000 दिले होते, 7,000 बाकी होते, ते गणपतीनंतर देते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीच्या वेळी मखराच्या वर डावीकडे एक फुगा दिसला, लिंबाएवढा. संध्याकाळपर्यंत तीन-चार झाले. रात्री त्यातला एक फुटला आणि पुट्टीसकट रंगाचा पापुद्रा मूर्तीच्या मागे पडला. पाहुणे होते. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी काही न बोलता तो उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि त्या काही बोलल्या नाहीत हेच मला जास्त लागलं. मी त्याला फोन केला, म्हटलं आत्ताच्या आत्ता या. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चपला जिन्यातच काढल्या, आधी गणपतीला नमस्कार केला, मग भिंतीकडे बघत उभा राहिला. घरात बारा-पंधरा माणसं, सगळ्यांसमोर मी त्याला बोलले. स्वस्तातली पुट्टी वापरलीस, पाणी जास्त घातलंस, मला फसवलंस. तो एवढंच म्हणाला, "मैंने बोला था, मॅडम." आणि मी म्हटलं, "बाप्पासमोर खोटं बोलू नकोस."

हे वाक्य मी बोलले आहे. तो खोटं बोलत नव्हता.

7,000 मी दिले नाहीत. त्याने मागितलेही नाहीत, एकदाच सासूबाईंकडे बघितलं, त्या आत निघून गेल्या. जाताना त्याने गॅलरीत ठेवलेली आपली शिडी उचलली, लिफ्ट बंद होती, शिडी वळणावर आपटत आपटत तीन मजले उतरल्याचा आवाज येत राहिला.

डिसेंबर उजाडला तरी भिंत ओलीच. पाऊस तर ऑक्टोबरात गेला होता, मग पाणी कुठून, म्हणून प्लंबर बोलावला. त्याने चौथ्या मजल्यावरच्यांची नहाणी उघडली. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा, जॉइंट तुटलेला होता, रोजच्या आंघोळीचं पाणी स्लॅबमधून आमच्या त्या भिंतीत उतरत होतं. मग प्लंबरनेच मला समजावलं की भिंतीतलं पाणी बाहेर यायला बघतं, येताना विटा-सिमेंटमधले क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि खार रंगाच्या मागे साचतो, आणि तोच रंगाला आतून ढकलतो. वर कितीही महागडी पुट्टी असती तरी ती सुटलीच असती. मी त्याच संध्याकाळी पेंटरला फोन लावला, तर नंबर बंद. वॉचमन म्हणाला तो छठला गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या गावाचं नाव वॉचमनला माहीत नव्हतं. मला तर त्याचं आडनावही माहीत नव्हतं, मोबाइलमध्ये मी "पेंटर" म्हणून सेव्ह केलं होतं.

आता यावर तेव्हाची मी माझ्याशी भांडते, आणि तिचं सगळंच चूक आहे असंही नाही. ती म्हणते, तुझ्याकडे तेव्हा होते का जास्त पैसे? नव्हते. ह्यांची नोकरी नुकतीच बदलली होती, मुलाच्या अकरावीची फी भरायची होती. ती म्हणते, त्याला माहीत होतं भिंत ओली आहे तर त्याने काम घेतलंच का, नाही म्हणायचं. हा मुद्दा मला पटतो. पण पावसात पेंटरला कामं कमी असतात, हातात आलेलं तो कसा सोडणार, आणि मीसुद्धा त्याच्या याच गरजेवर 34 चे 26 केले होते. ती म्हणते, घासाघीस सगळेच करतात. करतात. मी अजूनही भाजीवाल्याशी करते. कुठे घासाघीस संपते आणि कुठे दुसऱ्याच्या पोटावर पाय पडतो ते मला आजही ठरवता येत नाही, तेव्हा तिला तरी कसं येणार होतं.

सहा वर्षं त्या भिंतीवर एक मोठं वॉल हँगिंग लटकत होतं. गणपती आम्ही दुसऱ्या भिंतीला मांडायला लागलो.

या वेळी जो कॉन्ट्रॅक्टर घेतला त्याला मी पहिल्याच भेटीत म्हटलं, आधी भिंत बघा, दर नंतर सांगा. त्याने पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवसांनी येऊन पाहिलं, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब नव्हते. थेंब आतून आले असते तर भिंत ओली आहे असं समजायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर पश्चिमेकडूनच मारतो, म्हणून बाहेरून असलेली एक बारीक चीरही त्याने भरून घेतली. हे सगळं मला आवडलं. दराबद्दल मी एक शब्द बोलले नाही. हे म्हणाले निदान 75 तरी म्हणून बघ, मी म्हटलं नको.

आणि इथे मला कबूल करायला हवं की कदाचित मी जास्त दिले. तीन माणसं अकरा दिवस, म्हणजे 33 रोज, 900 प्रमाणे 29,700. मालाची बिलं त्याने दाखवली ती 27,000 च्या आसपास होती. उरलेले 22,800 कॉन्ट्रॅक्टरचे. त्यात त्याच्या फेऱ्या, गॅरंटी, धोका हे सगळं आलं, तरी ते थोडे जास्त आहेत हे मलाही दिसतं. शिवाय मी घासाघीस केली नाही म्हणून त्या तिघांच्या हातात एक रुपया तरी जास्त पडला का, तर नाही, त्यांचा रोज ठरलेला होता, मी विचारलं होतं. म्हणजे ज्याचे 7,000 मी बुडवले त्याच्यासारख्यांपर्यंत माझे वरचे पैसे पोचलेच नाहीत, ते मधेच थांबले. नणंद म्हणते तू पापाचं प्रायश्चित्त चुकीच्या माणसाकडे भरलंस. मला राग आला तिचा, आणि उत्तर सुचलं नाही. शेवटच्या दिवशी मी तिघांना वेगळे पाचशे-पाचशे दिले. ते या हिशोबात धरलेले नाहीत.

माझे वडील चाळीत दर दिवाळीला स्वतः चुना काढायचे, चुन्यात नीळ आणि डिंक, काथ्याचा ब्रश. आम्ही बादली ढवळायचो. तो चुना कपड्यांना लागायचा, अंगावर उडाला तर चुरचुरायचा, पण त्यातून भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट असायची, फुगे कधी आले नाहीत. आताचा प्लास्टिक पेंट पुसता येतो, डाग जातात, आणि भिंतीवर कातड्यासारखा बसतो. म्हणून खालचं काम जास्त, म्हणून पैसे जास्त. मला कोणी पुन्हा चुना काढ म्हटलं तर मी काढणार नाही, तरी वडिलांना रंगाचा कधी कोणाशी हिशोब करावा लागला नाही हे मनात येतंच.

ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, एक पिवळसर डाग आला. तळहाताएवढा. फुगा नाही, नुसता डाग. त्या भिंतीची तीन वर्षांची गॅरंटी कॉन्ट्रॅक्टरने लिहून दिली आहे. हे म्हणाले फोन कर, एवढे पैसे घेतलेत त्याने. मी आधी प्लास्टिकचा तुकडा टेप लावून चिकटवला. मग चौथ्या मजल्यावर गेले, त्यांना विचारून नहाणी बघितली, वाकून हात घालून बघितली. कोरडी होती. आता फोन करायला हरकत नाही, कागद समोरच ठेवलाय. अजून केलेला नाही.