ऑक्सफर्डला पाद्रीबाबाचा दगड बघायला गेलो

आई इकडे आलीये तर तिला ऑक्सफर्ड दाखवू म्हणून निघालो. पॅडिंग्टनहून ट्रेननं तासाभरात पोचतो, स्टेशनपासून ॲशमोलियन म्युझियम चालत दहा मिनिटं, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. एन्ट्री फ्री, रोज १० ते ५.

मला खरं तर एकच वस्तू बघायची होती. शेरी नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याच्या थडग्यातला दगड, कैरोजवळच्या सक्कारा या जुन्या दफनभूमीतला, साधारण साडेचार हजार वर्षं जुना. तो दिला रॉबर्ट हंटिंग्टन नावाच्या पाद्र्यानं, १६८३ मध्ये, म्हणजे म्युझियम उघडलं त्याच वर्षी (आपल्याकडे तेव्हा संभाजीराजे गादीवर!). हा गडी १६७१ पासून दहा वर्षं सीरियातल्या अलेप्पोत, लेव्हंट कंपनीच्या इंग्रज व्यापाऱ्यांचा पाद्री, पण सगळा जीव जुन्या पोथ्यांत. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसला जाऊन समरिटन लोकांची (ज्यूंना जवळचा एक छोटा, जुना पंथ) लिपी त्यांच्यासमोर वाचून दाखवली, तर ते बिचारे समजले की इंग्लंडातपण आपले भाऊबंद राहतात! त्याची सहाशेच्या वर हस्तलिखितं ऑक्सफर्डच्याच बॉडलियन लायब्ररीत आहेत.

दगडावर शेरी आणि त्याची बायको खेंतेत्का बसलेत, पुढे मेजावर पावांच्या उभ्या चकत्या, आजूबाजूला चित्रलिपी. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर श्राद्धाचं पान मांडलंय." मी तिला काय समजावणार, मेलेल्यांना जेवू घालायचाच तर प्रकार आहे तो. याच थडग्याचे बाकी तुकडे कैरो आणि फ्लॉरेन्सला गेलेत.

वस्तूंच्या जागा बदलतात, म्हणून आधी वेबसाइटवर गॅलरी नंबर बघून जा, नाहीतर आमच्यासारखे तीन मजले फिराल. तिथेच बंगालच्या सागर बेटावरून आणलेला विष्णूपण बघा, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम हेजेस यानं १६८० च्या दशकात दिलेला.

आणि माझा गाढवपणा: हंटिंग्टननं दगड दिला तो या इमारतीत नव्हेच, मूळ ॲशमोलियन ब्रॉड स्ट्रीटवर, आता तिथं विज्ञानाच्या इतिहासाचं म्युझियम आहे, आइन्स्टाइननं लिहिलेला फळापण तिथेच. ते सोमवारी बंद असतं, बाकी दिवशीपण दुपारी बाराला उघडतं. आम्ही नेमके सोमवारी. मग काय, बंद दारासमोर उभ्या उभ्याच दशम्या खाल्ल्या आणि चारची ट्रेन धरली.