चांदणी आहे, तळटीप नाही

मंडळी, माझ्या टाइप ९९ या जुन्या जपानी लष्करी रायफलीसोबतचा कागद खरंच तिचाच का, हे कोडं सुटलं अशा आनंदात परवा झोपलो. सकाळी चहाबरोबर त्यातलं निम्मं विरलं. उरलेलं निम्मंही लिहिण्याजोगं आहे.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना रायफल आठवत असेल: नागोया शस्त्रागाराची शॉर्ट रायफल, ७.७ मिमी, मम (रिसीव्हरवरची सम्राटाची शेवंतीची मुद्रा) शाबूत, मोनोपॉड (टेकवायचा पाय) जागेवर, डफेल कट (पिशवीत मावावी म्हणून कापलेला दस्ता) नाही. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, सेफ्टी, सगळ्यांवर शेवटचे तीन आकडे जुळतात. सोबत, लुटीचं शस्त्र घरी न्यायला सैनिकाला मिळायचा तसला टाइप केलेला दाखला. अमेरिकेच्या २५ व्या इन्फंट्री डिव्हिजनमधल्या एका सार्जंटच्या नावे, नोव्हेंबर १९४५, खाली अधिकाऱ्याची सही. विक्रेत्याने ‘मॅचिंग पेपर्स’ म्हणत भाव चढवला होता. रायफल एका घरची, कागद दुसऱ्या घरचा, आणि नंबर बघून पत्रिका जुळवून लावलेलं लग्न, असले प्रकार आपल्या छंदात किती चालतात ते तुम्हाला सांगायला नको.

नंबर जुळला की झालं, असं जर्मन के-९८ रायफलवाले समजतात. त्यांचं ठीक आहे. तिथे दर दहा हजारांनंतर नंबराला लॅटिन अक्षराची शेपटी लागते आणि ती अमेरिकन कारकुनाला टाइप करता येते. टाइप ९९ मध्ये ९९,९९९ झाले की नवी मालिका सुरू होते, आणि मालिकेची खूण म्हणजे नंबराआधी वर्तुळात ठोकलेलं काताकाना या जपानी लिपीतलं एक अक्षर. नागोयाच्या मालिका बिनअक्षरी सुरू होऊन बारापर्यंत जातात, बाकी कारखान्यांपैकी कोकुराच्या विसापासून पुढे, टोयो कोग्योच्या तिसापासून, जिनसेनची चाळीस. म्हणजे कागदावरचा पाच आकडी नंबर विसाहून जास्त वेगवेगळ्या रायफलींवर असू शकतो. अक्षराविना तो नंबर फार काही सिद्ध करत नाही.

(अक्षरांचा क्रम नव्यांनी नीट बघून घ्या. ‘अ इ उ ए ओ, का, सा, ता, ना’ हा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे रुजलेला, त्यामुळे आपल्याला पटकन बसतो. शस्त्रागारांनी धरला तो मात्र इरोहा: इ, रो, हा, नि, हो. पाचवं ‘हो’. माझ्या रायफलवर तेच आहे.)

आता कागद. नंबराच्या आधी टाइपरायटरची एक चांदणी (*) आहे. मी काय, ज्यांना फोटो पाठवले त्या सगळ्यांनीच तळटीप शोधली. तळाशी काही नाही, मागची बाजू कोरी. मग कोणीतरी म्हणालं, कारकुनाचं बोट घसरलं असेल. परवा रात्री रायफल आणि कागद शेजारी ठेवून टॉर्च अगदी आडवा धरला, आणि रिसीव्हरवरचं ‘हो’ उजळलं: एक उभी रेघ, एक आडवी, खाली दोन्ही बाजूंना दोन तिरके फटकारे. काताकाना न येणाऱ्या माणसाला रेमिंग्टन किंवा अंडरवुडवर हे उमटवायचं असेल, तर तो कुठली कळ दाबेल? चांदणीचीच!

टॉर्च आडवा धरणं महत्त्वाचं. एलईडी लावलेल्या भिंगांचा समोरून पडणारा उजेड सगळं सपाट करून टाकतो. साधं दहापटीचं भिंग आणि बाजूने उजेड, बस. यूव्ही टॉर्च मात्र जरूर घ्या. नंतरच्या काळात कागदात चमक आणणारी रसायनं आली, तसा कागद यूव्हीखाली निळसर पेटतो. माझा ढिम्म राहिला. निदान कालपरवा छापलेला नाही, एवढं समाधान.

सकाळची शंका अशी. चांदणीसारखं दिसणारं ‘हो’ एकटंच नाही. ‘ने’ आहे, म्हणजे विसावी मालिका, कोकुरा. ‘ओ’ आहे, सत्ताविसावी, टोकियो जुकी हा आणखी एक कारखाना. एवढ्यांतून तीन उरले हेही थोडं नाही. पण त्याहून वाईट शंका पाठोपाठ आली: या कारकुनाने आकाराकडे बघितलंच नसेल तर? ‘इथे कसलंतरी जपानी चिन्ह आहे’ एवढ्यासाठी तो सरसकट चांदणी ठोकत असेल, तर आपण होतो तिथेच.

माणसाच्या, म्हणजे सार्जंटच्या बाजूने तपास बरा चाललाय. सेंट लुइसच्या लष्करी नोंदींच्या संग्रहात त्याची सेवापुस्तिका नाही. १२ जुलै १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या सैनिकांच्या जवळपास ८० टक्के फाइली गेल्या, त्यात ही. मात्र पुष्कळ जणांनी घरी आल्यावर डिस्चार्जचा कागद काउंटीच्या कचेरीत नोंदवून ठेवला होता. तिथल्या बाईंनी शोधून नक्कल काढून दिली. रेजिमेंट जुळते, फिलिपीन्समधलं लुझोन जुळतं. २५ वी डिव्हिजन मे १९४५ मध्ये बालेते खिंड जिंकून, पुढे ताबा सैन्य म्हणून नागोयालाच उतरली. त्यामुळे दाखल्यावर नोव्हेंबर असण्यात गैर काही नाही. शरणागतीनंतर वाटल्या गेलेल्या रायफलींचं मम सहसा घासलेलं असतं. इथे सोळाही पाकळ्या धड आहेत, म्हणजे लुझोनकडे पारडं झुकतं. पुरावा म्हणणार नाही, मम वाचलेले अपवादही आपण पाहिलेत.

पुढचा बेत होता मॉर्निंग रिपोर्ट्स (तुकडीचे रोजचे अहवाल) मागवायचा. तो इथवर लिहितानाच बदलला. दाखल्यावर दुसरी ओळ आहे, जिच्याकडे मी रायफलीच्या नादात नुसतं बघून सोडत होतो: एक पिस्तूल, ८ मिमी, पाच आकडी नंबर, चांदणी नाही. टाइप १४ नाम्बू असणार. नाम्बूतही पहिली मालिका बिनअक्षरी, मग ‘इ’, मग ‘रो’. ते पिस्तूल सापडलं आणि त्यावर ‘इ’ किंवा ‘रो’ निघालं, तर कारकून सरसकट चांदण्या ठोकत नव्हता, आकार बघून ठोकत होता. बिनअक्षरी निघालं तर मात्र काहीच ठरत नाही, प्रश्न उघडाच. मॉर्निंग रिपोर्टात रायफलींचे नंबर थोडेच असतात! तेव्हा आधी पिस्तूल.

बाकी किरकोळ: क्लीनिंग रॉड अखेर अस्सल मिळाला, गन शोमध्ये एका म्हाताऱ्याच्या डब्यात, गंजलेल्या संगिनींखाली. ऑनलाइन मिळणारे नवे बनवलेले रॉड घेऊ नका, नीट बसतच नाहीत. दस्त्यावर उरुशीचा लाखेचा थर चांगला उरलाय, त्याला जवसाचं तेल लावा असं सुचवणाऱ्यांचे आभार, पण लावणार नाही. कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात गेला. लॅमिनेशन सुचवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

तर मागणं दोन. नाम्बूवाल्यांनो, आपापल्या बाउंड बुकात (शस्त्रांच्या नोंदवहीत) बघा: टाइप १४, नंबर ६७ ने सुरू, ओहायोतून आलेलं. पूर्ण नंबर इथे देत नाही, उद्या त्याच नंबराचे कागद विकायला येतील. खाजगीत विचारा. आणि ज्यांच्याकडे २५ व्या डिव्हिजनचा १९४५ च्या शेवटचा कुठलाही दाखला आहे, त्यांनी नावं झाकून फक्त नंबराच्या ओळीचा फोटो पाठवा. चांदणी असो वा नसो, दोन्ही हवेत. रायफलवरचं अक्षर सोबत दिसलं तर फारच उत्तम.